काठीपासून तीन पावलं

४ मार्च

ताई,

वर तीर्थरूप का काय लिहितात ते शिकवलं त्या दिवशी मी शाळेत नव्हते, म्हणून नुसतं ताई. फाडायचं असेल तर निदान अर्धं वाचून फाड.

दोन वर्षांत मी फोन केला नाही, तूही केला नाहीस. चूक माझीच, मीच तोंड वर करून निघून गेले होते. मला मुलगी झाली हे तुला कुणाकडून तरी कळलं असेल. तेरा महिन्यांची आहे. आम्ही पिटुकली म्हणतो. डोळे तुझ्यावर गेलेत. अशी बघते की वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

फोन न करता पत्र का, तर फोनवर तू गप्प बसलीस की मला घाम फुटतो. कागद मुळातच गप्प असतो.

एक विचारायचं आहे. तू लहान मुलांच्या वॉर्डातली नर्स, तुला माहीत असणार. माझ्यासाठी नाही, एका मैत्रिणीसाठी. तिची मुलगी रडते पण आवाज येत नाही. तोंड उघडतं, नाक लाल होतं, डोळ्यांतून पाणी येतं, सगळं रडण्यासारखंच. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर माणसं दिसतात ना, तसं. हसते आवाज करून. बडबडते पण, बा बा, दा दा. रडणं तेवढं मुकं. असं का होतं? गळ्यात काही बिघडतं का? आणि बाळाचा श्वास कधी थोडा वेळ, अगदी थोडा वेळ, अडकला असेल तर त्यानं असं होतं का? मैत्रीण घाबरट आहे, डॉक्टरकडे जात नाही. डॉक्टर खोदून खोदून विचारतात आणि कागदावर लिहून ठेवतात, म्हणते.

माझं बरं आहे. एका हॉटेलच्या तळघरात लाँड्री आहे, तिथे कामाला जाते. चादरी आणि टॉवेल. पिटुकलीला बरोबर नेऊ देतात, टॉवेलच्या ट्रॉलीत बसते. घर एका खोलीचं. नवरा बरा आहे. त्याला काठी म्हणायचं नाही असं तू म्हणाली होतीस, माणसाला कुणी काठी म्हणतं का म्हणून. पण सगळे काठीच म्हणतात, आता मीही म्हणते. त्याचं तेच चालू आहे. ह्या छोट्या छोट्या बँडचे कार्यक्रम असतात, तिथे उंच काठीवर माईक लावून मधोमध उभं राहायचं आणि रेकॉर्डिंग करायचं. विकत नाहीत. विकलं तर त्यांच्यात वाळीत टाकतात. नुसतं एकमेकांना द्यायचं आणि मग महिनाभर भांडायचं की डाव्या बाजूला कोण खोकलं.

सुट्टी आली की कुठल्यातरी मैदानावर. चिखल, भिजलेले तंबू, आणि तिथले संडास, त्याबद्दल मी लिहीत नाही, तू जेवत असशील. फेस्टिवलला गेलं की मनगटाला कापडी पट्टा बांधतात. ही माणसं तो सोडतच नाहीत, वर्षानुवर्षं. काठीच्या हातात चौदा आहेत. अंघोळीत भिजतात, झोपेत वाळतात. ओल्या पायपुसण्याचा वास येतो. तोच हात घेऊन तो मुलीला भरवायला बसतो. परवा मी म्हटलं कात्रीनं कापते, तर म्हणाला, "हा नको, ह्या फेस्टिवलला तू भेटलीस." म्हटलं, मग मी तरी रोज अंघोळ कशाला करू.

माईकला वारा लागू नये म्हणून वरून केसाळ टोपी असते, मेलेल्या मांजरासारखी दिसते. ती तो पिटुकलीच्या शांपूनं धुतो आणि तिच्याच फणीनं विंचरतो. मग त्या फणीत राखाडी केस. मी काढत बसते.

मैत्रिणीचं तेवढं कळव.

तुझी धाकटी


१३ मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. पत्र परत आलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतलंय.

मैत्रिणीचं तसंच आहे. लाँड्रीत एक घडीवाली मावशी आहे, चादरींच्या घड्या तिच्याकडे. मशीन चालू असलं की आम्ही सगळ्या ओरडूनच बोलतो, ही घरीही ओरडूनच बोलत असेल. काल तिनं मला खांद्याला धरून वळवलं. "अगं बाई, पोर रडतेय तुझी." बघते तर ट्रॉलीच्या जाळीत बोट अडकलेलं, तोंड उघडं, गाल ओले. मावशीनं बोट सोडवलं आणि जाऊन मशीन बंद केलं. मला कळेना का बंद केलं. ती ऐकत होती.

"हिचा आवाज कुठाय?" म्हणाली.

मी म्हटलं, शहाणी आहे, त्रास देत नाही.

"शहाणी? एवढंसं पोर शहाणं कशाला पाहिजे? पोरानं बोंबललं पाहिजे."

तेवढ्यात मुकादम आला, मशीन का बंद म्हणून. पुन्हा चालू झालं.

दुसरं सांगायचं म्हणजे काठी सध्या मोठा माणूस झालाय. एक गाणारी आहे, ती आणि तिचा गिटारवाला, दोघंच. मोठ्या हॉलात गात नाहीत, कुठे गोदामात, कुठे गच्चीवर, असं. मीही तिच्या मागे वेडी होते, खोटं कशाला बोलू. ऑक्टोबरात तिनं एका रिकाम्या पोहण्याच्या तलावात कार्यक्रम केला आणि काठीनं तो रेकॉर्ड केला. त्यात पिटुकली आहे. तिसऱ्या गाण्यात रडते आणि मग गप्प होते, आणि त्या शांततेत गाणारी एकटी गाते, गिटारशिवाय. लोक त्या जागेवर मरतात. कुठल्या कुठल्या देशांतून लिहितात. एकानं लिहिलं, बाळसुद्धा ऐकायला थांबलं. एक म्हणे ते ऐकून दारू सोडली. सगळे त्याला बाळाचं रेकॉर्डिंग म्हणतात. आता गाणारीला ते जसंच्या तसं नव्या अल्बममध्ये घालायचंय, आणि मे महिन्यातल्या फेस्टिवलला मी मुलीला घेऊन स्टेजवर यायचं, असं काठी म्हणतो.

मला ते गाणं लागलं की ओकारी येते. काठी रोज लावतो.

उत्तर दे.

धाकटी


२५ मार्च

ताई,

तुझी चिठ्ठी आली. दोनच ओळी, पण अक्षर बघूनच मी खाली बसले. "तुझ्या मैत्रिणीला सांग, पत्र टाकण्याआधी एकदा वाचत जा. मुलीला डॉक्टरकडे ने, आणि श्वास कशानं अडकला होता ते लिही."

हो, पिटुकलीच आहे. तुला पहिल्याच पत्रात कळलं असणार. लहानपणी मी चोरून साखर खाल्ली की तू काही न बोलता माझे ओठ पुसायचीस.

श्वास बिस्किटानं अडकला होता. घशात तुकडा बसला. मी पाठीवर थोपटलं, निघाला. एवढंच. त्यानंतर तिचं रडणं असं झालं.

डॉक्टरकडे जायचं म्हणतेस, पण तू नर्स आहेस, तुमच्याकडे काय चालतं मला माहीत आहे. लाँड्रीतल्या एकीच्या भाचीचं मूल घेऊन गेले. पडलं होतं म्हणे पलंगावरून, खरं कोण जाणे. आधी गोड बोलतात, मग कागद, मग दोन बायका येतात. माझं शिक्षण सातवी. मला काय विचारलं तर मी काय बोलेन माझं मला माहीत नाही. माझ्याकडे ही एवढी एकच आहे.

रविवारी काठीचे दोन मित्र आले होते, मुलगी बघायला. बारशाला येतात तसे नाही, त्या रेकॉर्डिंगमधली मुलगी बघायला. एक टकल्या, एक झिपऱ्या. झिपऱ्याच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत पट्टे. बूट काढले आणि माझी खोली गेली. पिटुकली चमचा घेऊन बसली होती. टकल्या तिच्यासमोर उकिडवा बसला, डोळ्यांत पाणी. म्हणाला, "तू माझं आयुष्य बदललंस." ती चमचा चाटत होती.

झिपऱ्या म्हणाला, "वहिनी, एक विचारू का? रडते कशी एकदा ऐकायला मिळेल का? आवाज तोच आहे का बघू."

मला वाटलं चेष्टा करतोय. काठी हसला, पण नाही म्हणाला नाही. मग झिपऱ्यानं हळूच तिच्या हातातला चमचा काढून घेतला. हसत हसत. पिटुकलीनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग तोंड उघडलं. पाणी यायला लागलं. आवाज नाही.

दोघं बघतच राहिले. टकल्या हळू आवाजात म्हणाला, "अजून शांततेतच आहे ती."

ताई, माझ्या हातात चहाचं भांडं होतं. मी ते त्यांच्या डोक्यावर ओतलं नाही. कपात ओतलं आणि दिलं. ते प्यायले. जाताना झिपऱ्यानं मुलीच्या पायाला हात लावून डोळे मिटले. मी तो पाय नंतर साबणानं धुतला.

धाकटी


३ एप्रिल

ताई,

बिस्किट नव्हतं.

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते, नाहीतर पुन्हा काहीतरी वेगळं लिहीन. वाचून झालं की तुला जे वाटेल ते वाटू दे.

तो तलाव शहराच्या कडेला आहे, बंद पडलेला. पाणी काढलेलं, निळ्या फरश्या. गाणारी म्हणाली होती स्पीकर नको, फरश्याच आवाज परत देतील. दुपारची वेळ. साठेक माणसं उताराच्या फरशीवर बसलेली, आवाज नको म्हणून सगळ्यांनी बूट वरच काढलेले. साठ माणसांचे मोजे आणि वर तो पाण्याच्या औषधाचा जुना वास. सगळ्यांचे डोळे मिटलेले. काठी खोल बाजूला, मधोमध. काठीपासून तीन पावलांत कुणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, कूस बदलायची नाही, हा त्यांचा नियम. मी कायम त्या तीन पावलांच्या आत बसायचे. त्याची बायको ना. मला त्याचा अभिमान होता, हे पण लिहिते.

तिसरं गाणं सुरू झालं आणि पिटुकली रडायला लागली. आठ महिन्यांची होती, दात येत होते. काठीनं हेडफोन घातलेले, तशीच मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागावला असता तर बरं. घरात कुणी गेल्यासारखा चेहरा केला.

तू म्हणशील उठून बाहेर जायचं. वर यायला एकच लोखंडी शिडी होती, पायऱ्या सैल झालेल्या. आम्ही उतरलो तेव्हा खणखण वाजत होती, सगळे हसले होते. माझ्या डोक्यात फक्त एवढंच आलं की मी चढले तर गाण्यात शिडी वाजेल. आग लागली असती तरी मी आधी शिडीचाच विचार केला असता. पाच वर्षं तेच शिकले होते. किल्ल्या मोज्यात घालायच्या. शिंक आली तर नाक दाबून गिळायची. गाणं आवडलं तरी टाळी नाही, काठीजवळच्या माणसानं टाळी वाजवली तर रेकॉर्डिंगमध्ये गोळी सुटल्यासारखी येते.

म्हणून मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

वाटलं तोंडावरच आहे. हात केवढा आणि तोंड केवढंसं. नाकावरही होता.

आणि आता जे लिहिते ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. हात ठेवल्यावर ती गप्प झाली आणि मी तिला विसरले. त्याच वेळी गिटार थांबली आणि गाणारी एकटी गायला लागली, आणि ते चांगलं होतं ताई. फार चांगलं होतं. मी ऐकत राहिले. डोळे मिटले मीही. घाबरून हात ठेवला असता तर एक वेळ समजून घेता आलं असतं. मी मजेत बसले होते. मग माझ्या मांडीवर काहीतरी जड झालं. तिचे पाय. आधी झाडत होती, ते मला कळलंच नव्हतं, थांबले तेव्हा कळलं. हात काढला. ओठ जांभळे. मी तिला उलटी करून पाठ चोळली, तीसुद्धा आवाज न करता, बघ. मग तिनं एक उचकी दिली आणि श्वास घेतला. ती उचकी रेकॉर्डिंगमध्ये आहे. लोक तिला बाळाचा उसासा म्हणतात.

साठ माणसांत कुणी बघितलं नाही. डोळे मिटलेले. गाणं संपल्यावर काठीनं मला अंगठा दाखवला, छान म्हणून.

आता तुला कळवायचं असेल तर कळव. पण आधी मला सांग, मुलीचं डोकं बरं राहील ना?

धाकटी


१० एप्रिल

ताई,

मला वाटलं होतं शिव्या येतील. "ओरडायचं ते मी नंतर ओरडेन, यादी करून ठेवली आहे," हे वाचून मी लाँड्रीत मोठ्यानं रडले, मशीनमुळे कुणाला कळलं नाही.

तू म्हणतेस डॉक्टर पहिलं विचारतील किती सेकंद, आणि अंदाजानं सांगू नको, आया नेहमी कमी सांगतात. आणि जे कळवायचं ते तू कळवण्याआधी मीच स्वतःच्या तोंडानं सांगावं. बरं. सांगते. १९ तारखेचा नंबर लावलाय.

सेकंद कुठे मोजलेत ते मला माहीत होतं. लोकांनी लिहिलंय ना, चौतीस सेकंदांची शांतता म्हणून. पण ऐकीव नको म्हणून मी काठीकडे मूळ कार्ड मागितलं. रेकॉर्डिंग ज्यावर झालं ते, नखाएवढं असतं. बाहेर फिरतात त्या नकला, दाबून लहान केलेल्या, अल्बम करायचा तर मूळच लागतं. तो म्हणाला कशाला हवं. मग सांगितलं. बसून, सगळं, तुला लिहिलं तसं.

त्यानं मुलीला मांडीवर घेतलं. मला वाटलं, चला, माणूस आहे. मग म्हणाला, "म्हणजे तो उसासा..."

म्हटलं, हो.

"हे कुणाला सांगू नको," म्हणाला. मला वाटलं माझी काळजी. "लोक पुन्हा तसं ऐकू शकणार नाहीत."

मी उठून भांडी घासायला लागले. दुसरं काय करणार, त्याच्या तोंडाकडे बघवेना.

कुणाला सांगू नको म्हणणारा, त्यानंच परवा गाणारीला सांगितलं. तिचा मला फोन. पाच वर्षं मी जिच्यासाठी उन्हातान्हात, चिखलात उभी राहिले, ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. रडत होती. म्हणाली, "मला त्या दिवशी गाताना काहीतरी जाणवलं होतं. कुणीतरी काठावर आहे असं." मग म्हणाली, "हे लपवायचं नाही आपण. अल्बमवर लिहू या. ह्यानं ते गाणं आणखी खरं होतं." आवाज काय गोड आहे तिचा. शेण साखरेत घोळलं तर असंच लागत असेल.

मी म्हटलं, "ताई," (तिला ताई म्हटलं, माफ कर, जिभेवर तेच आलं) "तुम्हाला जाणवलं होतं तर थांबला का नाहीत?"

त्यावर तिचा गिटारवाला फोनवर आला आणि म्हणाला आपण शांतपणे बोलू.

कार्ड मी घेतलंय. त्यानं घर उलथंपालथं केलं, पिठाच्या डब्यात हात घालून बघितला. ते लाँड्रीत मावशीच्या कपाटात आहे, तिच्या जेवणाच्या डब्याखाली. तिला सांगितलं, विचारू नको. म्हणाली, "मी कशाला विचारू, तू सांगशीलच." सांगितलं. तिनं चादरीची घडी पुरी केली, मग म्हणाली, "माझ्या थोरल्याला मी एकदा उलथनं तापवून लावलं होतं. अजून त्याच्या दंडावर आहे. तू जा डॉक्टरकडे, मी तुझ्या चादरी ओढते."

भीती वाटते ताई. मुलगी झोपली की मी तिच्या नाकापाशी बोट धरून बसते. हात माझाच, आणि मलाच त्याची किळस येते. तिला भात भरवताना चमच्यानं भरवते, बोटांनी नाही.

धाकटी


१९ एप्रिल

ताई,

आज गेले होते. आत्ताच आलो. एका दमात लिहिते.

डॉक्टर बाई म्हातारी आहे, चष्मा दोरीला. आवाज असा की मुकादमच. आधी वजन, डोकं मोजलं, घसा बघितला. मग म्हणाली, "बोल." मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि बोलले. पाठ केलं होतं, ते सगळं विसरले, वेडंवाकडं बोलले, पण कमी केलं नाही. शिडीचं सांगितलं. ऐकत बसले तेही सांगितलं.

तिच्या कॉम्प्युटरला कार्ड लागेना. कागदपत्रांच्या खोलीतल्या कारकुनाकडून काहीतरी यंत्र आणवलं, त्याला बाहेर घालवलं, दार लावलं. गाणं सुरू झालं. ताई, एवढ्या लोकांनी ते ऐकलं, पण ही पहिली बाई जी ते गाण्यासाठी ऐकत नव्हती. घड्याळ हातात धरून. रडणं थांबलं तिथे तिनं बोट टेकवलं, उचकीला उचललं. पुन्हा मागे नेलं. तीनदा. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं, पण तोंड कडू.

"चौतीस," म्हणाली. "कुणी मोजलंय त्यानं बरोबर मोजलंय."

मग म्हणाली एवढ्यानं मेंदूला सहसा काही होत नाही, झालं असतं तर आत्तापर्यंत दिसायला लागलं असतं, मूल वयाच्या मानानं ठीक आहे, दोन वर्षांची होईपर्यंत दर तीन महिन्यांनी आणायची. मी रडायला लागले तर म्हणाली, "थांब, माझं संपलं नाही."

तिनं पिटुकलीसमोर स्वतःचा हात वर केला, नुसता, पंजा उघडा. पिटुकली बघत राहिली, हसली, पंजा धरायला गेली. "आता तू," मला म्हणाली. मी हात वर केला. पिटुकलीनं तोंड मिटलं. हातपाय जागच्या जागी. श्वास सुद्धा.

"गळा ठीक आहे," डॉक्टर म्हणाली. "हिला रडता येतं. ही रडत नाही. तलावानंतर किती वेळा?"

मी म्हटलं, पुन्हा हात ठेवला नाही, तिची शपथ.

"ठेवला नाही. मग?"

ताई, हे तुलाही लिहिलं नव्हतं. ठेवला नाही. नुसता दाखवायचे. तलावानंतर आम्ही अकरा कार्यक्रमांना गेलो. रडेल असं वाटलं की मी पंजा दाखवायचे आणि ती गप्प व्हायची. मग घरीही, काठी हेडफोन लावून बसला की. मला वाटायचं किती पटकन शिकली. लोक म्हणायचे, कसलं गुणी बाळ आहे. मी हसायचे.

डॉक्टरनं सगळं लिहून घेतलं. मी वाचून बघितलं, माझ्यापेक्षा नीट लिहिलंय. महिन्यातून एकदा एक बाई घरी येईल. मी विचारलं, न्यायला? म्हणाली, "बघायला. तू आलीस म्हणून बघायला. आली नसतीस आणि मला दुसरीकडून कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती." मग विचारलं, नवरा कुठाय. म्हटलं, मे महिन्याच्या फेस्टिवलची तयारी. तर तिनं ते कार्ड छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि पिटुकलीच्या केसपेपरला टाचलं. दोन टाचण्या मारल्या.

"हे मुलीच्या तपासणीचा भाग आहे, इथेच राहील. त्याला हवं असेल तर त्यानं माझ्यासमोर बसायचं आणि कशाला हवं ते सांगायचं. गाणारीलाही आणू दे."

तर तिथे आहे ते. लोकांचं आयुष्य बदलणारं. वजनाच्या तक्त्याला टाचलेलं.

मी फेस्टिवलला जाणार नाही, त्याला तसं सांगितलंय. तो येईल न येईल. डॉक्टरकडे बसायला तयार झाला तर दाराला कडी नाही, नाही झाला तर मी मावशीकडे, तिच्याकडे पोटमाळा आहे. तू ये म्हणालीस तेही लक्षात आहे. आधी हे तीन महिने काढते.

आता शेवटचं. बाहेर वऱ्हांड्यात औषधाच्या रांगेत बसले होते. लोखंडी बाक, शेजारी सगळी माणसं फायली घेऊन. पिटुकलीच्या हातात बिस्किट होतं. झाडणारी आली, बिस्किट खाली पडलं आणि तिच्या झाडूबरोबर गेलं. पिटुकलीनं बघितलं. तोंड उघडलं. पाणी यायला लागलं. मग तिनं माझ्या हातांकडे बघितलं.

मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसले.

ती बघत राहिली. हात कुठे गेले ते शोधायला वाकली. मला वाटलं मी मरेन तिथे. मग, बऱ्याच दिवसांनी नळाला पाणी येताना आधी नुसती हवा येते ना, खरखर, तसं काहीतरी तिच्या घशातून आलं. ती स्वतःच दचकली. आणि मग लागली. ताई, काय रडली. अख्खा वऱ्हांडा वळला. टेबलावरचा माणूस उभा राहिला.

शेजारचे काका म्हणाले, "अहो बाई, गप्प करा की तिला. इथे आजारी माणसं आहेत."

"नाही करत," म्हटलं.

"अहो पण..."

"तिचं बिस्किट गेलं," म्हटलं. "रडू दे तिला."

मग कडेवर घेतलं. औषध घ्यायचं राहिलं, उद्या घेईन. तशीच कानाशी रडती घेऊन त्या लांब वऱ्हांड्यातून चालत निघाले. घाई केली नाही.

तुझी धाकटी